आठ इंची आरसा आणि धुण्याचा सोडा

अक्कांना दुर्बिणीतून काही दिसलं नाही, ही गोष्ट सबंध जगात फक्त अक्कांना ठाऊक होती. बाकी सगळ्यांना दिसलं. मुलाला दिसलं, शेजारच्या बँकवाल्यांना दिसलं, गॅलरीत कसली गडबड चाललीय म्हणून चौकशीला आलेल्या इमारतीच्या सेक्रेटरींनाही दिसलं. एकेक जण त्या जाडजूड नळ्याच्या बाजूच्या भोकाला डोळा लावी आणि 'बापरे' म्हणून मागे सरे. अक्कांची पाळी आली तेव्हा त्यांनीही डोळा लावला. आत पांढरं होतं. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरावं तसं पांढरं, त्याला ना काठ ना खळगा. वर डोळ्यातून पाणी आलं ते वेगळंच. मागून सुनेनं विचारलं, "दिसतंय का, अक्का?"

"छान आहे," अक्का म्हणाल्या आणि चहा टाकायला आत निघून गेल्या.

आता यात अक्कांची पंचाईत काय होती, ते समजून घ्यायला हवं. अक्का शाळेत गेल्या त्या दुसरीपर्यंत. पुढचं सगळं राज्य त्यांनी डोळ्यांच्या जोरावर चालवलं. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी त्यांना समोरच्या कोपऱ्यातला केस दिसायचा. विसळलेल्या पेल्यावरचा साबणाचा ओघळ, इस्त्रीच्या शर्टावरची चुकीची घडी, पाहुण्याच्या तोंडावरचं खोटं हसू, यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरात शेवटचा शब्द त्यांचा, तो या नजरेमुळे. आणि अकरा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरानं सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय, झगझगीत उजेडाचा त्रास वाढत जाईल, वेळेवर काढून टाका. डॉक्टर अक्कांच्या मुलापेक्षा लहान. अक्कांनी त्याची चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या आणि कपाटात जाड चादरींच्या मधोमध सरकवली. त्या कपाटात दुसऱ्या कुणाची हात घालायची छाती नव्हती. डोळे अधू झाले असं एकदा घरात कळलं, की आज हातातली सुरी काढून घेतील, उद्या किल्ल्या, आणि परवा म्हणतील, 'तुम्ही बसा अक्का, आम्ही बघतो.' बसा म्हटल्यावर मग उरलं काय?

तेव्हा दोष डोळ्यांचा नव्हता. दोष दुर्बिणीचा होता. हे एकदा ठरलं आणि अक्कांना हायसं वाटलं.

दुर्बीण सुनेनं केलेली. सून पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची, आणि तिथून आली की मागच्या गॅलरीत पाण्यानं भरलेल्या पिंपावर काचेवर काच घासायची. दोन पावलं पिंपाभोवती चालायचं, घासायचं, पुन्हा दोन पावलं. घाण्याला जुंपल्यासारखी ती सात महिने फिरली. आधी जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी एक लाल पूड, जी अक्कांच्या तीन पांढऱ्या टॉवेलांना लागली ती आजतागायत निघालेली नाही. एवढं करून काच मधोमध खोल झाली ती किती, तर एका नाण्याच्या जाडीएवढी. अक्का म्हणाल्या होत्या, की सात महिन्यांत एवढा खड्डा, आपल्या रस्त्यावर तर यापेक्षा मोठा एका दुपारीत पडतो. मग ती काच लांबच्या एका प्रयोगशाळेत चमक चढवायला गेली. तिथे एक अर्ज, एक हमीपत्र, 'काच फुटल्यास आम्ही जबाबदार नाही' या ओळीखाली दोन सह्या, आणि चार महिन्यांची वाट. परत आली ती आठ इंच रुंदीचा लखलखीत आरसा होऊन. नळ्याच्या तळाशी तो बसला. त्यानं गोळा केलेला उजेड वरच्या एका छोट्या तिरक्या आरशावर जायचा आणि तिथून बाजूच्या भोकात.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर अक्कांनी पदर खोचला आणि नळ्यात डोकावून पाहिलं. आतून काळाकुट्ट. अक्का थक्क झाल्या. त्यांच्या घरात टेबलाच्या खणालासुद्धा आतून स्वच्छ कागद लावलेला असे, आणि इथे जिच्यातून उजेड जायचा तिला आतून काजळी फासलेली. अंधाऱ्या नळ्यात चंद्र दिसणार कसा? भेटवस्तूंचे चंदेरी कागद त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते. खळ शिजवली, कागद कापले आणि तासाभरात नळा आतून असा झगमगीत केला, की त्यांचा त्यांनाच अभिमान वाटला.

संध्याकाळी बँकवाले पुन्हा आले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, पण कुठल्याही गोष्टीची पडताळणी केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी डोळा लावला, काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "काल बरा होता चंद्र," ते म्हणाले. "आज आत धुकं पडलंय का?"

सुनेनं बॅटरी घेऊन आत पाहिलं. मग तिनं सगळ्यांदेखत समजावून सांगितलं, तेच अक्कांना जास्त लागलं. म्हणाली, आरशावरून सरळ येतो तेवढाच उजेड कामाचा. बाकी गॅलरीतला दिवा, रस्त्यावरचा खांब, समोरची खिडकी, सगळीकडून तिरका उजेड आत घुसतो, चकचकीत भिंतीवर आपटतो आणि चित्रावर पसरतो. काळा रंग तो उजेड गिळून टाकतो. काळं ते काळं राहिलं, तरच पांढरं उठून दिसतं. अक्का हे ऐकताना खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसत होत्या. तिथे धूळ नव्हती.

बँकवाल्यांना तेवढीच संधी हवी होती. त्यांच्याकडेही दुर्बीण होती, अडीच इंची, लांब आणि बारीक, पुढे भिंग असलेली. त्यांनी गॅलरीच्या कठड्यावरून भाषण दिलं, की आरशाच्या दुर्बिणीत तो छोटा आरसा मधोमध लटकतो, येणाऱ्या उजेडाच्या वाटेतच उभा, त्यानं चित्राचा काटेकोरपणा जातो. भिंगाच्या दुर्बिणीत मध्ये कुणी तडमडत नाही. शिवाय आमची दोनशेपट मोठं दाखवते. या अक्का, बघा.

नाही म्हणणं म्हणजे घाबरल्यासारखं झालं असतं. अक्का शेजारच्या गॅलरीत गेल्या, डोळा लावला. दिसलं. अंधुक होतं, राखेच्या रंगाचं, पण दोन खळगे स्पष्ट दिसले. घरी येऊन त्यांनी सुनेला नुसतं विचारलं, की दोनशेपट म्हणजे जास्त चांगलं ना? सून पावाला लोणी लावत होती. तिनं सुरी तशीच वर धरून सांगितलं. लोणी एवढंच असेल आणि पाव मोठा घेत गेलं, तर प्रत्येक घासाला लोणी कमी. मोठं करत गेलं की चंद्र फिका पडतो. म्हणून आधी लोणी जास्त हवं, म्हणजे तोंड रुंद हवं. आपला आरसा त्यांच्या भिंगाच्या दहापट उजेड गोळा करतो.

दहापट. अक्का रात्री पडल्या पडल्या हिशेब घालत होत्या. दहापट उजेड गोळा करणारा आमच्या घरचा आरसा मला पांढरा गोळा दाखवतो आणि शेजाऱ्याची फुंकणी खळगे दाखवते. याचा अर्थ एकच. आरसा मळका आहे.

तोवर सुनेनं सगळ्या इमारतीला चंद्र दाखवायचं ठरवलं होतं, आणि अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर येतो म्हणून त्यासाठी गच्ची हवी होती. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींनी अर्ज मागवला. अर्जात 'प्रयोजन' या रकान्यात सुनेनं 'चंद्र' लिहिलं, ते त्यांना त्रोटक वाटलं. दुसऱ्या अर्जाला दुर्बिणीचं वजन जोडायचं राहिलं. तिसऱ्याला वरच्या मजल्यावरच्यांचं ना-हरकत पत्र लागलं, आणि ते म्हणाले हरकत नाही, पण ही वस्तू नेमकी कुठे बघणार ते लेखी द्या. शेवटी परवानगी आली ती तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारची, चार अटींसह. प्रत्येकी दोन मिनिटं. आठ वाजता गच्ची बंद. पादत्राणं जिन्यात. आणि दुर्बीण कोणत्याही परिस्थितीत समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे वळवू नये. बँकवाल्यांनी अर्जाला आपली दुर्बीणही जोडून घेतली होती. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, म्हणाले, लोकच ठरवतील.

म्हणजे आता घराची अब्रू गच्चीवर मांडली जाणार होती.

गुरुवारी सून कामावर गेली आणि अक्कांनी नळ्याच्या तळाचे तीन स्क्रू फिरवले. सुनेला करताना त्यांनी पाहिलं होतं. आरसा बाहेर आला. उजेडात धरला तर त्यावर धुळीचा बारीक थर, आणि एका कडेला बोटाचा ठसा. अक्कांनी मान हलवली. शिकलेल्या माणसांना भांडं घासून ठेवायची अक्कल नसते, ती नसतेच. काचेला घासणी लावायची नाही, एवढं अक्कांना कुणी शिकवायला नको. त्यांच्या बरण्या पस्तीस वर्षांच्या, एकीवर ओरखडा नाही. कोमट पाणी, त्यात धुण्याचा सोडा सढळ हातानं, वर लिंबाएवढा साबण, आणि भिजत ठेवून द्यायचं. मळ आपोआप सुटतो. टब त्यांनी पलंगाखाली सरकवला आणि वर चादर टाकली. घाई नव्हती. सकाळपर्यंत भिजू दे.

शुक्रवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी टब ओढला, हात घातला आणि आरसा वर काढला. मळ गेला होता. चमकही गेली होती. हातात एक जाड काच होती, पावाच्या ताटलीएवढी, पाठीमागे धुरकट, पुढे स्वच्छ, आणि त्या स्वच्छ काचेतून अक्कांना त्यांची स्वतःची बोटं दिसत होती.

यानंतर अक्कांनी जे केलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी टबातलं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून पाहिलं. दोनदा. चमक कुठेतरी तळाशी बसली असेल, तर ती सापडेल, सुनेला दाखवता येईल, परत लावता येईल. फडक्यावर करडा चिखलही उरला नाही. सात महिने पिंपाभोवतीच्या फेऱ्या आणि चार महिन्यांची वाट मोरीतून वाहून गेली होती.

संध्याकाळी सून आली तेव्हा काच टेबलावर होती, लाल डागांच्या एका टॉवेलात गुंडाळलेली. अक्का शेजारी उभ्या होत्या. आयुष्यात चुकीबद्दल दुसऱ्याला उभं करायची सवय, स्वतः कसं उभं राहायचं ते त्यांना जमत नव्हतं.

"मी धुतला," त्या म्हणाल्या.

सुनेनं टॉवेल उलगडला. मुलगा दारातूनच परत मागे सरला, ते त्याच्या शहाणपणाला शोभेलसंच होतं. सुनेनं काच दिव्याखाली तिरकी धरली, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे नजर नेली, पुन्हा नेली. अक्कांना वाटलं, आता बोलेल ते आपण ऐकून घ्यायचं. सगळं.

"ओरखडा नाही," सून म्हणाली.

"घासणी लावली नाही मी."

"एकही नाही." ती खुर्चीत बसली. मग बोलू लागली, अक्कांशी कमी आणि काचेशी जास्त. चमक म्हणजे वरचा पापुद्रा, धुराएवढा पातळ, तो सोड्यानं खाल्ला. तो पुन्हा चढवता येईल, अर्ज, हमीपत्र, चार महिने. पण घासून घासून आणलेला आकार तसाच आहे. चंद्र एका ठिकाणी गोळा करण्याचं काम आकाराचं. चमक फक्त किती उजेड परत यायचा ते ठरवते. रात्री खिडकीच्या साध्या काचेत आपलं तोंड दिसतंच की. शंभरातले चार भाग उजेड तीही परत करते.

"चार," अक्का म्हणाल्या. "आणि आधी?"

"नव्वदाच्या आसपास."

अक्का खाली बसल्या. मग उठल्या. उद्याचं रद्द करायचं का, असं विचारायला त्यांची जीभ रेटेना, आणि सून म्हणाली, की चार तर चार, चंद्राला उजेडाची काय कमी आहे. पण जेवढा येईल त्यात बाहेरचा एक थेंब मिसळता कामा नये. मग अक्कांनी नळा घेतला, जमिनीवर बसल्या आणि चंदेरी कागदाचा शेवटचा कपटा नखानं खरवडून काढला. शाळेच्या फळ्याला देतात तो बिनचकाकीचा काळा रंग मुलानं आणून दिला. अक्कांनी दोन हात दिले. नंतर त्यांच्या कोपरापर्यंत काळं होतं, आणि नळ्यात पाहिलं तर आतलं काही दिसत नव्हतं, भिंत कुठे आहे तेही.

शनिवारी सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला अजून उजेड होता आणि अर्धा चंद्र डोक्यावर आला होता. दोन दुर्बिणी शेजारी शेजारी उभ्या. बँकवाल्यांनी आपली रेशमी रुमालानं पुसली. रांगेत पहिले सेक्रेटरी, नियम वाचून दाखवायला. दोन मिनिटांचा नियम त्यांनी वाचला, वाकले, आणि सात मिनिटं वाकलेलेच राहिले. कुणीतरी मागून खोकलं तेव्हा ते सरळ झाले. नियमांचा कागद त्यांच्या हातातून खाली पडला होता, तो दुसऱ्यानं उचलून दिला.

मग बँकवाले. ते वाकले. उठून आपल्या दुर्बिणीकडे गेले, तिच्यातून पाहिलं, परत आले, पुन्हा वाकले. उजेड दोन्हींत सारखाच होता, मंद. पण जिथे त्यांच्या दुर्बिणीत एक खळगा होता, तिथे हिच्यात खळग्यात खळगा होता, आणि त्याच्या काठावर आणखी तीन, सुईनं टोचल्यासारखे. बँकवाले निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा रांगेत आले तेव्हा सुनेला म्हणाले, "मधला छोटा आरसा फार काही खात नाही म्हणायचा."

अक्का कठड्यापाशी उभ्या होत्या. सगळ्यांचं झालं. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बाजूला सरकली.

अक्का वाकल्या. पांढऱ्यासाठी त्यांनी डोळा आधीच बारीक केला होता.

पांढरं नव्हतं. मऊ, राखाडी, शांत उजेड होता, सावलीत ठेवलेल्या चुन्यासारखा. आणि त्यात सगळं होतं. ओल्या चुन्यावर थेंब पडावेत तसे खळगे, शेकडो, एकावर एक. उजेड आणि काळोख जिथे भेटतात त्या रेघेवर त्यांच्यात सावल्या भरलेल्या, काठोकाठ, शाईसारख्या. एका मोठ्या खळग्यात नुसता काळोख होता आणि त्या काळोखाच्या मधोमध एकच ठिपका उजळलेला. तो डोंगराचा माथा आहे, हे अक्कांना कुणी सांगावं लागलं नाही. खाली अजून उजाडलं नव्हतं आणि माथ्यावर ऊन आलं होतं. या वयात, इतक्या लांब, कुणाच्या तरी डोंगरावर सकाळ होताना त्या बघत होत्या.

मग ते सगळं हळूहळू एका बाजूला सरकू लागलं. अक्का दचकल्या. "कुणी ढकललं?"

"कुणी नाही, अक्का. चंद्र सरकतोय असं वाटतं, पण पृथ्वी फिरतेय. आपण फिरतोय."

दुसरीतल्या बाईंनी हे सांगितलं होतं, आणि अक्कांनी ते पाठ करून सोडून दिलं होतं. त्यांनी डोळा न काढता डावा हात लांब केला आणि कठडा घट्ट धरला. इतकी वर्षं या फिरण्यावर त्यांनी कपडे वाळत घातले, पोरं वाढवली, माणसांना धाकात ठेवलं, आणि एकदाही कळलं नाही. डोंगराचा तो माथा काठापर्यंत गेला आणि निसटला. समोर काळं उरलं. त्या काळ्याकडेही त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"मागच्या वेळी मला काही दिसलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. हळू, पण ऐकू जाईल एवढं.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही पहिल्या झटक्यात छान म्हणालात. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही कशालाच पहिल्या झटक्यात छान म्हटलेलं नाही."

सून दुर्बीण हलवून चंद्र पुन्हा मध्ये आणत होती. हलवता हलवता म्हणाली, "नळ्याला लावला होतात ना चंदेरी कागद, तसा तुमच्या डोळ्यात आतून कुणीतरी लावलाय, अक्का. उजेड जास्त आला की सगळीकडे पसरतो. आज उजेड कमी होता, म्हणून दिसलं."

अक्का सरळ झाल्या. आजूबाजूला सगळी इमारत आपापल्या गप्पांत होती. कमरेची किल्ली सोडून त्यांनी सुनेच्या हातात दिली. "कपाटात जाड चादरींच्या मध्ये एक चिठ्ठी आहे. उद्या काढून बघ." आणि मग, आपण फार मऊ झालो असं वाटून, जरा चढ्या आवाजात सांगितलं, "आरसा सोमवारी पाठव. डोळाही त्याच आठवड्यात. पण त्या डॉक्टरला बजावून ठेव, सोडा वापरायचा नाही."

सून हसली ती तोंडावर हात धरून. आठ वाजले होते. सेक्रेटरी कुलूप घेऊन जिन्याच्या दाराशी उभे राहिले आणि अदबीनं घड्याळ दाखवू लागले. अक्का पुन्हा वाकल्या. खळगा मध्ये आला होता, माथ्यावरचं ऊन मघापेक्षा किंचित खाली उतरलं होतं. डोळा न काढता त्यांनी सेक्रेटरींना कळवलं, की एवढी पृथ्वी कुणाच्या लेखी परवानगीशिवाय फिरते आहे, तर गच्ची आणखी दहा मिनिटं उघडी राहिल्यानं काही बिघडत नाही.

सेक्रेटरींनी कुलूप खिशात घातलं आणि निमूटपणे अक्कांच्या मागे रांगेत उभे राहिले.